सतरा नंबरची माचिस

माझी शेवटची पोस्टिंग घरापासून बसने सव्वा तासावर होती. नेरूळहून उरणची बस, पुढे एक किलोमीटर पायी. त्याआधी अठरा वर्षं इन्फंट्रीत काढली होती, त्यातली सहा बर्फात. पेन्शन आली, सिडकोचं घर घेतलं आणि वर्षभर घरात बसून बायकोला नकोसा झालो, तेव्हा पुन्हा वर्दी चढवली. निवृत्त जवानांना पहाऱ्यासाठी परत घेतात, तशी ती नोकरी. डेपोचं नाव सांगत नाही. तिथं दारूगोळा नव्हता. ताडपत्री, दोरखंड, टायर, वंगण आणि रंगाचे डबे एवढंच होतं.

सोसायटीत पंधरा ऑगस्टला मला दरवर्षी माइकसमोर उभं करतात. मी बर्फातल्या दोन गोष्टी सांगतो, टाळ्या होतात, मुलांना पेढे वाटतात. ही गोष्ट मी तिथं कधी सांगितली नाही. हिच्यात शत्रू नाही. आमच्यासारखीच दोन-चार माणसं आहेत आणि त्यांची मला अजून किळस येते. त्या माणसांत मीही आहे.

मी हवालदार प्रभाकर साळवे. मूळचा नगर जिल्ह्यातला, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. नव्वदीच्या दशकातली ही हकिगत. तेव्हा उरणच्या रस्त्याला न्हावा शेव्याचे ट्रेलर रांग लावून उभे असायचे आणि आमची बस त्यांच्यामागे तासन् तास अडकायची.

गार्ड चोवीस तासांची. सकाळी आठला बदली. मी गार्ड कमांडर म्हणून गेटवर, आत सहा पोस्ट, प्रत्येक शेडला एक. साडेआठला रोल कॉल, नऊला गेट उघडायचं, मग दिवसभर गाड्या मोजायच्या. गेटवर एक नियम फार कडक होता. आत रंग आणि वंगण असल्याने माचिस, बिडी, लायटर काही न्यायचं नाही. ड्रायव्हर असो, हमाल असो, गवत कापणारी बाई असो, माचिस गेटवर जमा. त्यासाठी एक लाकडी डबा होता. माणसाला पितळी बिल्ला द्यायचा आणि बिल्ल्याचा नंबर मी बॉलपेनने माचिसच्या पाठीवर लिहायचो. जाताना बिल्ला दिला की माचिस परत. एवढीशी वस्तू, पण ड्रायव्हर लोक आपलीच माचिस मागून घ्यायचे. दुसऱ्याची दिली की हुज्जत. माझा सात मी मराठीत लिहायचो, खाली लांब शेपूट ओढून. गार्डमधली पोरं त्यावरून माझी चेष्टा करायची.

आमचे साहेब सुभेदार वसंत पारधे. तेही ख्रिस्ती, तेही नगरकडचे आणि आमच्याच मंडळीतले, म्हणजे एकाच चर्चचे. वाशीत एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी मराठी उपासना व्हायची. पारधे साहेब पुढे बसून हार्मोनियम वाजवायचे. गळा गोड होता. डोळे मिटून गायला लागले की बायकांच्या डोळ्यांना पदर लागायचा. त्यांच्या रिटायरमेंटला चार महिने उरले होते आणि त्या चार महिन्यांत सर्व्हिस बुकावर एकही डाग पडू द्यायचा नाही, हा त्यांचा एकच ध्यास होता.

सहा नंबरच्या पोस्टवर नाईक बबन जगताप. सातारा जिल्हा, खटाव तालुका. माझ्याच वयाचा, बेचाळीस. आमच्या दोघांच्या डब्यातलं कालवण एकाच ताटात पडायचं. तो तंबाखू मळायचा, दिवसाला एक पुडी. धूर मात्र त्याला खपत नसे. गार्डरूम गेटच्या बाहेर होती, तिथं बिडी ओढायला मनाई नव्हती. कोणी पेटवली की बबन आपली खाट उचलून अंगणात जायचा. पावसाळ्यातसुद्धा जायचा. हे सगळ्या प्लाटूनला माहीत होतं. पारधे साहेबांनाही माहीत होतं.

मे महिना. डेपोत कमरेएवढं गवत वाळून पिवळं पडलेलं. पावसाच्या आधी प्रत्येक शेडभोवती वीस फुटांचा पट्टा साफ करायचा आणि कापलेलं गवत गाडीत भरून बाहेर न्यायचं, असा आदेश असे. जवळच्या गावातल्या बायका रोजावर यायच्या. त्यांची मुकादम पारूबाई, पन्नाशीची, कासोटा मारलेली, विळ्यासारखीच धारदार बोलायची. त्या वर्षी कापणी झाली, पण गाडी दोन दिवस आली नाही. पाच आणि सहा नंबरच्या मध्ये गवताचा ढीग तसाच पडून. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कमांडंटचं इन्स्पेक्शन.

दुपारी १३४० ला गेटवरचा फोन वाजला. पारधे साहेब ऑफिसमधून बोलत होते.

"साळवे, गवत उचललं का?"

"नाही साहेब. गाडी आली नाही."

"उद्या कमांडंटना तो ढीग दिसला तर माझ्या नावावर जाईल. पेटवून टाका."

"साहेब, आत आग लावायला परवानगी लागते. फायरची गाडी उभी करावी लागते."

"मला शिकवू नको. अर्ध्या तासात राख होते. बबन आहे ना तिथं? डब्यातली एक माचिस त्याच्याकडे पाठव."

"रजिस्टरला घेऊ का साहेब?"

"काही घेऊ नको. मी ऑर्डर देतोय."

फोनवरची प्रत्येक ऑर्डर वेळ टाकून लिहायची असते. मी पेन उघडलेलं होतं. ते मी बंद केलं. डब्यातली सगळ्यात वरची माचिस उचलली. एका ट्रेलर ड्रायव्हरची होती, त्याच दिवशी सकाळी जमा केलेली. पाठीवर माझ्या हातचा १७. शिपायाला गेटवर उभं केलं आणि मी स्वतः चालत सहा नंबरला गेलो.

बबनने माचिस हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली.

"ही कशाला?"

"साहेबांची ऑर्डर आहे. ढीग पेटव."

पारूबाई जवळच विळ्याला धार लावत होती. ती म्हणाली, "दादा, आता नको पेटवू. दोन वाजलं का खाडीवरशी वारा फिरतं. आमी रोज बघताव."

बबनने माझ्याकडे बघितलं. "काय करू, साळवे?"

मी म्हणालो, "ऑर्डर आहे." आणि गेटवर परत आलो. तो सतरा वर्षं जुना शिपाई होता. ऑर्डर आहे म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. त्या बाईला वाऱ्याचं जेवढं कळत होतं तेवढं आम्हा तिघा वर्दीवाल्यांना कळत नव्हतं, किंवा कळत होतं आणि बोलायची हिंमत नव्हती.

१४०५ ला वॉकी-टॉकीवर आवाज आला.

"गेट, सहा नंबर. वारा फिरला. आग पट्ट्यात शिरली. पाणी पाठवा. ओव्हर."

"सहा नंबर, गेट. गाडीला फोन करतो. मागे हट. ओव्हर."

"गेट, झाडाखाली दोन बायका झोपल्यात. आगीच्या पलीकडं. मी जातो. आउट."

त्यानंतर तो वॉकी-टॉकीवर बोलला नाही. फायरची गाडी १४३० ला आली, तिच्याबरोबर मी आत गेलो. तोपर्यंत बबनने दोन्ही बायकांना कुंपणाच्या तारेपर्यंत ओढत आणलं होतं. एकीचे पाय भाजले होते, दुसरी धडधाकट होती. मग तो भिजवलेलं पोतं घेऊन पुन्हा आत गेला, कारण आग सहा नंबरच्या, रंगाच्या शेडला भिडत होती. शेड वाचलं. आमची वर्दी टेरीकॉटची. टेरीकॉट जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. त्यापुढचं मी लिहीत नाही.

१६३० ला तो ट्रेलर ड्रायव्हर गेटवर आला आणि सतरा नंबरचा बिल्ला पुढे केला. माझ्या हाताला अजून जळक्या गवताचा वास होता. मी त्याला कॅन्टीनमधली कोरी माचिस दिली. तो म्हणाला, "ये मेरी नहीं है." मी त्याच्या अंगावर ओरडलो. तो बिचारा घाबरून निघून गेला. मी बिल्ला खिळ्याला अडकवला आणि रजिस्टरमध्ये सतरा नंबरसमोर 'परत दिली' असं लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये बबन गेला. आदल्या दुपारी मी त्याच्यापाशी होतो. त्याला बोलायला त्रास होत होता. आधी त्याने विचारलं, सहा नंबर वाचलं का. वाचलं म्हणालो. मग म्हणाला, "माचिस तुझ्या डब्यातली होती, हे बोलू नको. तुझी नोकरी जाईल." मी मान हलवली. पुढे सात महिने मी स्वतःला हेच सांगत राहिलो, की त्यानंच नको म्हटलं होतं. तो मरताना माझी काळजी करत होता. आपल्या नावाचं काय होणार आहे, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. एक मेजर आणि दोन मेंबर. टेबलावर हिरवं कापड, चहा, बिस्किटं आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत अर्धवट जळलेली माचिस. ती बबनच्या पोस्टजवळ सापडली होती. आदल्या संध्याकाळी पारधे साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "विचारलं तेवढंच बोल. बाकी मी सांभाळतो." त्यांनी सांभाळलं. मेजरने विचारलं, नाईक जगताप बिडी पीत होता का? पारधे साहेब सावधान उभे राहून म्हणाले, "छुपकर पीता था, साब."

मग माझी पाळी. मेजरने पिशवी माझ्यासमोर धरली.

"ये पीछे नंबर क्या लिखा है?"

माचिसची एक बाजू काळी झाली होती. पाठीवरचा एक गेला होता, सात शाबूत होता. त्याचं शेपूट स्पष्ट दिसत होतं.

"मालूम नहीं, साब."

मेजरने पिशवी खाली ठेवली आणि बिस्किट उचललं. पारूबाईला कोणी बोलावलंच नाही. मजूर बाई काय सांगणार, असं कोणीतरी म्हणालं. निष्कर्ष निघाला की पहारेकऱ्याने ड्युटीवर बिडी पेटवली, काडी गवतात टाकली, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. त्या कागदात बबनने दोन बायका वाचवल्याचं एक वाक्य होतं. ते बिडीच्या खाली कुठेतरी होतं आणि कोणी वाचत नव्हतं.

पारधे साहेब वेळेवर रिटायर झाले. निरोप समारंभ झाला, हार घातले. मीही टाळ्या वाजवल्या.

ख्रिसमसच्या आधी आमच्या मंडळीत उपवास-प्रार्थनेचा आठवडा असतो. शेवटच्या दिवशी साक्षी होतात. ज्याला वाटेल त्याने पुढे यायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कोणी आजारातून उठलेला असतो, कोणी दारू सोडलेली असते. त्या वर्षी पारधे साहेब हार्मोनियमवरून उठून पुढे आले. पांढरा शर्ट, केस नीट बसवलेले.

ते म्हणाले, "माझ्या हातून एक मोठं पाप घडलं. त्यात एका माणसाचा जीव गेला. मी तीन दिवस अन्नाला शिवलो नाही. प्रभूच्या पाया पडलो. आणि प्रभूनं मला सांगितलं, वसंता, मी ते धुऊन टाकलं. आता देवालासुद्धा ते आठवत नाही."

लोक आमेन म्हणाले. पुढच्या रांगेतल्या दोन बायका रडल्या. एका वडीलधाऱ्याने त्यांना मिठी मारली. कोणत्या माणसाचा जीव, कसा गेला, हे कोणी विचारलं नाही. पारधे साहेब डोळे पुसत परत हार्मोनियमवर बसले आणि गीत सुरू केलं. गळा नेहमीसारखाच गोड लागला होता.  मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

उपासनेनंतर चहा होता. पारधे साहेब कोपऱ्यात उभे राहून चहात खारी बुडवून खात होते. मी जवळ गेलो.

"साहेब, सुमन वहिनींना भेटलात?"

सुमन वहिनी म्हणजे बबनची बायको. त्यांनी मान वर केली.

"कशाला?"

"सांगायला."

"काय सांगायचं? देवानं ज्याच्यावर पडदा टाकला ते आपण उकरायचं? त्याला अविश्वास म्हणतात, प्रभाकर."

"कागदावर अजून बिडीच लिहिलीय."

"कागदावर आहे. वर नाही." त्यांनी मिशीवरचे खारीचे कण झटकले. "तू पण मोकळा हो. पुढच्या वेळी साक्ष दे. बरं वाटेल."

बरं वाटेल. जुलाब थांबल्यावर डॉक्टर म्हणतात तसं ते म्हणाले. मी चहा तसाच ठेवला आणि बस पकडली. बसमध्ये विचार केला की ह्या माणसाची मला एवढी घाण का वाटतेय. तो खोटं बोलला, मीही बोललो. तो गप्प बसला, मीही बसलो. फरक एवढाच होता की त्याने देवाला मध्ये घालून वर आपली ढेकर दिली. मी अजून दिली नव्हती, पण द्यायला बसलोच होतो. रोज झोपण्याआधी मी क्षमा मागायचो, मागून झाली की झोप लागायची. म्हणजे माझंही तेच चाललं होतं, फक्त हार्मोनियम नव्हतं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचे तुकडे आणि छोट्या पेल्यांचं ताट रांगेतून हातोहात येतं. घेण्याआधी पाळक थोडा वेळ थांबतात. कोणाशी काही बाकी असेल तर आधी मिटवा, मग या, असं ते दर वेळी सांगतात. वर्षानुवर्षं ऐकून ते वाक्य कानांवरून जातं. कोणी उठून जात नाही. त्या दिवशी ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच पुढे सरकवलं. तोंडात भाकरी घातली असती तर ओकलो असतो.

पाळकांनी ते पाहिलं होतं. आमचे पाळक तिशीही न ओलांडलेले, नगरकडचेच, सायकलवर फिरायचे. मंगळवारी साडेचारला ते घरी आले. मी त्यांना सगळं सांगितलं, फोनची वेळ, माचिसचा नंबर, बिस्किटासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली. मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील आणि संपेल.

ते म्हणाले, "काका, देव क्षमा करतो. त्यात मला शंका नाही. पण त्या माणसाचं नाव अजून चिखलात आहे आणि ते तिथं तुम्ही टाकलंय. त्या बाई कुठं राहतात?"

"कोपरखैरण्याला. भावाकडं."

त्यांनी घड्याळ बघितलं. "पाच वाजतायत. बस मिळेल."

मी म्हणालो, "तुम्ही येता का बरोबर?"

"नाही. मी आलो तर तुम्ही माझ्याकडं बघून बोलाल."

मी चपला घातल्या आणि निघालो.

सुमन वहिनींचा भाऊ मार्केटला माथाडी होता. बैठी चाळ, एक खोली, दारात मिरच्या वाळत घातलेल्या. वहिनी मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. नवरा गेल्यावर त्या मार्केटला मिरची निवडायला जायला लागल्या होत्या. हात सुजून लाल झालेले. मला बघून त्यांनी पदर सावरला.

"या भावजी. लई दिसांनी."

मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सात महिने जे पोटात ठेवलं ते एवढंसं होतं. त्या देठ खुडायच्या थांबल्या नाहीत.

"भावजी, त्यांनी कदी बिडी हातात घेतली न्हाय. तुमाला म्हाईत व्हतं."

"होतं."

"ह्या चाळीत आमच्या गावची धा घरं हायत. समदी म्हणत्यात, बिडीपायी मेला, वर सरकारचं गोदाम जाळाय निघाला व्हता. माझा भाऊ मान खाली घालून कामावर जातो. मलाबी वाटाय लागलं, आपल्याला चोरून वडत आसंल. नवऱ्यावर शक घेतला मी. मेलेल्या."

मी रडायला लागलो. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"रडू नगा. तुमचा देव तुमाला माफ करंल न्हायतर न्हाय, ते तुमचं तुमी बगा. मला कागद पायजे. तिथं जे लिवलंय ते खोडून आना."

चहा झाला नाही. मी उठलो. दारातल्या मिरच्यांनी नाक हुळहुळत होतं, डोळे पुसायला निदान त्याचा बहाणा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी १००० ला मी कमांडंटच्या ऑफिसात तीन प्रतींत लेखी निवेदन दिलं. वेळा, शब्द, नंबर. रजिस्टरवरची माझी खोटी नोंद दाखवली. नंबर लिहिलेल्या इतर माचिसा दाखवल्या, माझ्या शेपटीवाल्या सातांसकट. मग गावात जाऊन पारूबाईला भेटलो. ती अंगणात मासळी वाळत घालत होती.

मी म्हणालो, "बाई, साक्ष द्यायला याल का?"

ती म्हणाली, "मना कोनी इचारलाच नाय. ती माचिस तूच आनलीस, मी बघला. तवापासून वाट बघतंय, कोन येतं का इचाराला." आणि हात धुवायला गेली.

दुसरी इन्क्वायरी बसली. मेजर वेगळे होते, उत्तरेकडचे, कमी बोलणारे. पारधे साहेबांना बोलावलं. ते सफारीत आले. आधी म्हणाले, फोन केल्याचं आठवत नाही. पारूबाई आणि मी बोलल्यावर त्यांचा आवाज बदलला. हात जोडून म्हणाले, "साब, इस बारे में मैंने भगवान के सामने पश्चात्ताप किया है. उसने मुझे माफ कर दिया है."

मेजरने पेन खाली ठेवलं नाही.

"वो ऊपर का मामला है, साब. मुझे टाइम बताइए. फोन कितने बजे किया?"

 मग पारधे साहेब म्हणाले, "तेरह चालीस."

बस, तेवढंच. त्या खोलीत त्यांनी उच्चारलेले खरे शब्द दोनच आणि त्यासाठी दोन इन्क्वायऱ्या लागल्या.

मला सिव्हिअर रिप्रिमांड, म्हणजे कडक लेखी ताकीद मिळाली, नोकरीचं एक्स्टेन्शन नामंजूर झालं आणि महिन्याभरात वर्दी उतरली. ते योग्यच होतं. पारधे साहेबांवर कारवाई सुरू झाली, रखडली, पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. मंडळीत मात्र बोलणी मी खाल्ली. देवानं माफ केलेल्या माणसाला साळवेनं कोर्टात खेचलं, असं चहाच्या टेबलावर चालायचं. ज्या वडीलधाऱ्याने साक्षीच्या दिवशी मिठी मारली होती त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. पारधे साहेब हार्मोनियम वाजवत राहिले. देव त्यांना क्षमा करत असेल. ते देवाचं काम आहे आणि मी त्यात पडत नाही. मला त्यांच्या शेजारी बसवत नाही एवढं खरं, आणि ते मी पाळकांनाही सांगितलं आहे. दाढी करताना आरशात जो दिसतो त्याच्याही शेजारी पुष्कळ दिवस बसवत नव्हतं.

पावसाळा संपता संपता वहिनींच्या भावाचा निरोप आला. कागद आलाय, इंग्रजीत आहे, वाचायला या.

मी गेलो. वहिनींनी चाळीतली दहाही घरं बोलावली होती. पुरुष मार्केटमधून आलेले, खांद्यावर गमछे. बायका दारांत. मला मध्ये स्टुलावर बसवलं. मी एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. नाईक बबन विठोबा जगताप. वरिष्ठांच्या तोंडी आदेशावरून गवत पेटवलं. माचिस गेटवरच्या डब्यातून हवालदार साळवे याने आणून दिली. वारा फिरल्यावर दोन स्त्रियांना आगीतून बाहेर काढलं. शेड वाचवताना भाजून मृत्यू. ड्युटीवर मृत्यू. बिडीचा उल्लेख असलेला आधीचा निष्कर्ष रद्द.

वहिनी म्हणाल्या, "परत वाचा. मोठ्यानं."

मी परत वाचलं. माझं नाव आलं तिथं आवाज खाली गेला, तर त्या म्हणाल्या, "त्ये बी मोठ्यानं." मी तेही मोठ्याने वाचलं. भावाने कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. 

वहिनी म्हणाल्या, "आता जावा, भावजी."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. आजतागायत म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. ते मागायचं तोंड मी मेजरच्या टेबलापाशीच घालवलं होतं. पुढच्या प्रभुभोजनाला मात्र मी भाकरी घेतली. घशाखाली उतरली.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत गेलेल्या माणसांची नावं वाचतात. घरचे लोक चिठ्ठीवर नाव लिहून पाळकांकडे देतात. त्या वर्षी मीही एक चिठ्ठी दिली. पाळकांनी वाचली आणि विचारलं, हे ख्रिस्ती होते का? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, बरं. सगळ्या आया-आजोबांच्या नावांमागून त्यांनी ती चिठ्ठी उचलली आणि मी लिहिली होती तशीच वाचली. तेव्हापासून दर वर्षी वाचतात. दर वर्षी त्यानंतर हार्मोनियम थोडं उशिराच सुरू होतं.

नाईक बबन विठोबा जगताप. तालुका खटाव. बिडी ओढत नव्हता.